मिक्सरमध्ये वाटा, कुटा, दळा, घुसळा (पण मिक्स हातानेच करा): ७५० वॉटच्या तीन भांड्यांच्या मिक्सरचा रिव्ह्यू

मिक्सर घेऊन वर्ष होऊन गेलंय आणि रोजचा वापर आहे, सणावाराला तर दिवसभर, म्हणून आता नीट लिहिते. घेण्याआधी मी खूप रिव्ह्यू वाचले होते आणि त्यातून डिलिव्हरी वेळेत आली, पॅकिंग मस्त, कलर सेम टू सेम फोटोसारखा, यापलीकडे काही हाती लागलं नव्हतं. मला हवं होतं ते एवढंच की बाई यात ओलं खोबरं बारीक होतं का, दाण्याचा कूट तेल न सुटता निघतो का, लोणी निघतं का. ते कोणीच लिहीत नाही. तर ते मी लिहिते.

मॉडेल असं आहे: ७५० वॉटची मोटर, स्टीलची तीन भांडी, मोठं दीड लिटरचं, मधलं एक लिटरचं आणि चटणीचं छोटं चारशे मिलीचं, पुढे एक बटण ज्यावर १, २, ३ असे स्पीड आणि डावीकडे फिरवून धरलं की पल्स. किंमत चार हजाराच्या आत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, एक तर पुढे सर्व्हिसबद्दल तक्रार आहे आणि दुसरं म्हणजे मी जे सांगणारे ते या वॉटेजच्या आणि तीन भांड्यांच्या बहुतेक मिक्सरला लागू पडेल.

आता मुद्द्याचं. आपण या मशीनला मिक्सर म्हणतो आणि सगळ्या रेसिपी व्हिडिओत एकच वाक्य असतं, 'हे सगळं मिक्सरला फिरवून घ्या', आणि पुढच्याच मिनिटाला 'आता हे छान मिक्स करून घ्या'. नवीन स्वयंपाक शिकणाऱ्या मुलामुलींचं इथेच गाडं अडतं. कारण फिरवून घ्या म्हणजे नक्की काय करायचं? वाटायचं, कुटायचं, भरडायचं, दळायचं, घुसळायचं, की नुसतं एकजीव करायचं? आपल्या आज्यांकडे यातल्या प्रत्येकाला वेगळा शब्द होता कारण प्रत्येकाला वेगळी वस्तू होती, वाटायला पाटा-वरवंटा, कुटायला खलबत्ता नाहीतर उखळ, दळायला जातं, घुसळायला रवी, आणि कालवायला हात. ती सगळी कामं एका भांड्यात आली आणि सगळ्यांचं मिळून नाव पडलं मिक्स. वस्तू गेल्या ते ठीक आहे, पाट्यावर वाटून ज्यांचे खांदे गेलेत त्यांना विचारा, परत कोणी जाणार नाही तिकडे. पण पदार्थाला अजूनही तेच पाहिजे असतं जे आधी पाहिजे होतं. कूट हा कूटच लागतो, त्याचं वाटण झालं तर खिचडी गेली. म्हणून मी हा मिक्सर स्पीडप्रमाणे न तपासता या कामांप्रमाणे तपासलाय.

थोडं मागचं सांगते कारण ते इथे कामाचं आहे. युरोपातून जे मिक्सर आपल्याकडे यायचे ते मुळात पातळ पदार्थ एकत्र करायला बनवलेले, सूप, मिल्कशेक, केकचं मिश्रण असल्या कामांचे. आपल्या सुक्या मिरच्या, धणे, ओलं खोबरं, भिजवलेली डाळ त्यांना झेपायची नाही. मुंबईत सिमेन्समध्ये काम केलेले सत्यप्रकाश माथूर नावाचे इंजिनिअर होते, त्यांच्या घरचा ब्राउनचा मिक्सर बंद पडला आणि दुरुस्त होईना, तेव्हा त्यांनी आपल्या वाटणाला पुरेल अशी जोरदार मोटर घालून मिक्सर बनवायला घेतला आणि १९६३ मध्ये सुमीत बाजारात आला. ज्यांच्या घरी सत्तर-ऐंशीच्या दशकात सुमीत होता त्यांना तो आवाज अजून आठवत असेल. म्हणजे आपण आज जे वापरतो ते काम ग्राइंडरचं करतं आणि नाव तेवढं मिक्सरचं राहिलंय. दुकानात मिक्सर ग्राइंडर असं पूर्ण लिहिलेलं असतं पण घरात कोण एवढं म्हणतं. (ऑनलाइन नुसतं मिक्सर टाकून शोधलंत तर डीजेवाल्यांचे साउंड मिक्सर आणि बांधकामाचे काँक्रीट मिक्सर पण येतात, म्हणून ग्राइंडर हा शब्द टाकाच.)

वाटण. आमच्या घरात हे सगळ्यात कडक परीक्षेचं काम आहे कारण मी साताऱ्याची आणि सासर मालवणचं. माझ्या माहेरी रस्सा म्हणजे भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं लसूण कोथिंबीर, आणि ते थोडं रवाळ राहिलं तरी चालतं, उलट रश्श्याला अंगच त्याने येतं. सासूबाईंकडे त्याला वाटप म्हणतात आणि माशाच्या आमटीचं ओल्या खोबऱ्याचं वाटप त्यांना गंधासारखं लागतं, बोटावर घेऊन चोळलं तर कण लागता कामा नये. पहिल्या दिवशी मी भांडं उघडून दाखवलं, त्यांनी बोटाने बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, वाटप बारीक होवक व्हया." मी म्हटलं आई, अजून फिरवते, पाणी घालू का? तर पाणी घालायला पण मनाई, आधी थोड्या पाण्यात बारीक कर आणि मग वाढव.

आणि त्यांचंच बरोबर आहे, ते मशीनलाही लागू आहे. सगळं एकदम टाकून वर वाटीभर पाणी ओतलं की खोबऱ्याचे तुकडे पाण्याबरोबर नुसते गोल गोल फिरतात, पात्याखाली येतच नाहीत. पाच मिनिटं फिरवा नाहीतर दहा, कण तसाच राहतो. या मिक्सरमध्ये मी असं करते: मधल्या भांड्याऐवजी छोटं भांडं घेते, त्यात आधी मिरच्या आणि धणे कोरडेच एक नंबरवर फिरवते, मग खोबरं आणि हळद आणि चिंच घालून पल्सवर दोनचारदा, मग चमच्या-चमच्याने पाणी आणि शेवटी तीन नंबर. मधे एकदा थांबून कडेचं खाली ओढायचं. असं केलं की ओल्या खोबऱ्याचं वाटप खरोखर मऊ होतं, सासूबाईंनी पास केलंय, याहून मोठं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही. तिरफळं यात टाकायची नाहीत, ती नुसती ठेचून आमटीत सोडायची, वाटलीत तर आमटी कडू होते.

सुक्या खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या वाटणाला क्रम उलट लक्षात ठेवा, खोबरं आणि तीळ आधी कोरडे, कांदा सगळ्यात शेवटी कारण कांद्याला स्वतःचं पाणी असतं. खसखस कोरडी टाकलीत तर तशीच्या तशी बाहेर येते, ती गरम पाण्यात भिजवूनच घ्यावी लागते आणि तरीही या मिक्सरमध्ये खसखस शंभर टक्के बारीक होत नाही, हे खरं सांगते. आणि कांदा-खोबरं भाजून गरम गरम भांड्यात घालू नका. आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि वाटण छताला लागतं, भाजतं ते वेगळंच. माहिती पुस्तकात हे लिहिलंय पण बारीक अक्षरात पाचव्या पानावर, खरं तर झाकणावरच छापायला हवं.

वाटण या कामाला माझे पाचपैकी साडेचार. अर्धा खसखशीचा कापला.

आता कुटणं, आणि इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण मराठी घरात मिक्सर सगळ्यात जास्त यासाठीच निघतो आणि सगळ्यात जास्त वाटही इथेच लागते. दाण्याचा कूट. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त, आणि पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, रिकामं असताना अठरा-वीस हजारांपर्यंत. एवढ्या वेगात घर्षणाने दाणा गरम होतो, गरम झाला की तेल सोडतो, तेल सुटलं की कूट पात्याभोवती गोळा होऊन बसतो आणि मोटर वरच्या पट्टीत ओरडायला लागते. खलबत्त्यात हे होत नाही कारण तिथे वरून घाव बसतो, दाणा फुटतो आणि बाजूला होतो. म्हणजे मिक्सरला कुटायला लावायचं असेल तर त्याला सतत फिरूच द्यायचं नाही.

दाणे मंद भाजून पूर्ण गार करा, म्हणजे खरंच गार, हाताला कोमट लागले तरी थांबा. सालं चोळून पाखडा. मधलं भांडं निम्म्याच्या खाली भरा. बटण डावीकडे पल्सला, एक सेकंद, सोडा. परत एक सेकंद, सोडा. भांडं हातात घेऊन एकदा हलवा, खालचं वर येऊ दे, परत दोनदा. झालं. उघडून बघाल तर काही दाणे पाव, काही रवाळ, थोडं पीठ, आणि हेच खिचडीला पाहिजे असतं, साबुदाण्याला कोरडेपणा येतो आणि दाताखाली दाणाही येतो. या मिक्सरचं पल्स मला आवडलं, हात काढला की पातं पटकन थांबतं. आधीच्या मिक्सरला सोडल्यावरही घूं करत फिरत राहायची सवय होती आणि तेवढ्यात कुटाचा लाडू व्हायचा.

लसूण-खोबऱ्याची चटणी पण अशीच पल्सवर, फक्त लसूण शेवटी, नाहीतर लसणाच्या ओलाव्याने सगळं चिकटतं. तिखट तर वरून घालून हातानेच कालवते मी, भांड्यात घालून फिरवलं की झाकण उघडताना जो खकाणा उठतो तो ज्याने घेतलाय त्यालाच माहीत.

ठेचा मात्र यात करू नका. मिरची, लसूण, दाणे, मीठ मिक्सरला लावलं की हिरवी चटणी होते, चांगली लागते पण ती चटणी, ठेचा नव्हे. ठेच्यात मिरचीची साल फाटलेली दिसली पाहिजे, बी अख्खं राहिलं पाहिजे. लोखंडी तव्यावर तेलात परतून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडा, पाच मिनिटांचं काम आहे आणि भांडं धुवायचंही वाचतं.

आणि वर्षाचा मसाला. आमच्याकडे साताऱ्या-कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याला चटणी म्हणतात, सासरी आल्यावर मी जेवताना चटणी द्या म्हटलं की पानात ओल्या नारळाची यायची. तर ही जी आमची चटणी आहे ती उन्हाळ्यात किलोकिलोने होते आणि ती डंकावरच कुटून आणावी असं माझं स्पष्ट मत आहे. घरच्या मिक्सरमध्ये पाव किलो मसाला होतो, मी केलाय, पण थांबत थांबत करावा लागतो. या मोटरचं रेटिंग ३० मिनिटांचं आहे आणि तेही पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद अशा हिशोबाने, हे बहुतेक मिक्सरच्या खाली पट्टीवर लिहिलेलं असतं, वाचा एकदा. सलग चालवलं की भांडं तापतं आणि मसाल्याचा वास, जो त्याच्या तेलात असतो, तो घरभर पसरतो. घरात छान वाटतं पण डब्यात कमी उरतो. थोडा गोडा मसाला ताजा करायचा असेल तर छोटं भांडं उत्तम, दगडफूल, धणे, तीळ, खोबरं सगळं वेगवेगळं भाजून गार करून घ्या.

कुटण्याला चार, ते पल्समुळे.

दळण्याचं थोडक्यात. पिठीसाखर एक नंबर होते. वेलची एकटी टाकली तर भांड्यात उडत बसते, चमचाभर साखरेबरोबर टाकली की पूड होते. भाजणी, तांदळाचं पीठ वगैरे गिरणीतच न्या, मिक्सरमधल्या पिठाला रवाळपणा राहतो आणि थालीपीठ थापताना तडा जातो. हळकुंड आणि अख्खी सुंठ या मिक्सरला घालू नका, दुकानदार सांगतो की चालतं मॅडम, हळद पण दळतं, पण ती जाहिरात जास्त वॉटच्या मोटरची असते आणि आपल्या भांड्याचं पातं वाकलं की ते आपलंच.

इडली-डोशाचं पीठ यात येईल का? येतं. उडीद डाळ वाटताना पीठ गरम होतं हा मुख्य प्रॉब्लेम आहे, म्हणून फ्रीजचं गार पाणी घाला आणि दोन-तीन घाणे करा, एकदम भरू नका. दर आठवड्याला मोठा घाणा लागत असेल तर दगडाचा वेट ग्राइंडरच घ्या, त्यात डाळ जेवढी फुगते तेवढी मिक्सरमध्ये फुगत नाही. आमच्याकडे महिन्यातून कधीतरी होतं त्यामुळे भागतं.

घुसळणं. याबद्दल कुठल्याच रिव्ह्यूत एक ओळ नसते आणि आमच्याकडे आठवड्याला ठरलेलं काम आहे. दुधावरची साय साठवायची, विरजण लावायचं, आणि मग मोठ्या भांड्यात घालून लोणी काढायचं. मोठं भांडं घ्या, साय निम्म्याच्या खाली, बरोबरीने थंडगार पाणी, उन्हाळा असेल तर बर्फाचे दोनचार खडे, आणि कडाक्याच्या थंडीत उलट थोडं कोमट कारण तेव्हा साय इतकी घट्ट असते की लोणी सुटतच नाही. एक नंबरवर सुरू करा आणि कान देऊन ऐका. आधी पातळ सळसळ असते, मग फेस चढला की आवाज दबतो, आणि लोणी जमा व्हायला लागलं की मोटरचा आवाज एकदम जड होतो आणि भांड्यात थपथप ऐकू येतं. त्याच क्षणी बंद. अजून फिरवलं तर लोणी परत ताकात मोडतं आणि मग गोळा करताना त्रास. झाकण उघडलं की वर पिवळट पांढरा गोळा आणि खाली ताक. या मिक्सरचा एक नंबर त्यासाठी पुरेसा हळू आहे, हे फार महत्त्वाचं आहे, माझ्या बहिणीच्या हजार वॉटच्या मिक्सरमध्ये एक नंबरच इतका जोरात आहे की लोण्याचा अंदाज येत नाही.

प्यायच्या ताकाला मी मिक्सर काढत नाही. दही रवीने नाहीतर हँड ब्लेंडरने. मिक्सरमधल्या ताकाला फेसच फार येतो, ग्लासात निम्मा फेस. लस्सीला तो फेस चालतो, जेवणातल्या ताकाला नाही.

घुसळण्याला पाच पैकी पाच.

राहिलं खरं मिक्स करणं, ज्याचं नाव मशीनला दिलंय. माहिती पुस्तकात मागे दहा-बारा रेसिपी दिल्यात आणि मराठी मजकुरात प्रत्येक ओळीला 'मिश्रण करा' असं छापलंय. कोथिंबीर वडीचं मिश्रण करा, चटणीचं मिश्रण करा, पुरणाचं मिश्रण करा. मला हे बघून वाईट वाटलं, रागही आला. इतकं चांगलं मशीन आणि वापरणाऱ्याला सांगताना एका शब्दात सगळं उरकलंय. ज्या मुलीने पहिल्यांदा पुस्तक उघडलंय तिला पुरणाचं मिश्रण करा वाचून काय कळणार? ती शिजलेली डाळ आणि गूळ मिक्सरला लावणार, ते पात्याला चिकटणार, ती दूध घालणार, आणि पोळी लाटताना पुरण बाहेर येणार. पुरण पुरणयंत्रातून काढायचं असतं, डाळ गरम असतानाच, त्यात दाणा मोकळा आणि मऊ राहतो. हे पुस्तक लिहिणाऱ्याने एकदा कुठल्याही मराठी स्वयंपाकघरात उभं राहून लिहिलं असतं तर 'वाटा', 'भरडा', 'घुसळा' असे शब्द आपोआप आले असते आणि समोर कुठला स्पीड तेही लिहिता आलं असतं. बटणाच्या बाजूला १, २, ३ च्या ऐवजी हेच शब्द छापले तरी निम्म्या अडचणी सुटतील. कंपनीच्या फीडबॅक फॉर्ममध्ये मी हे लिहून पाठवलंय.

कोशिंबीर कालवायची असते. थालीपीठाचं पीठ भिजवायचं असतं आणि मळायचं असतं. दहीभात कालवायचा असतो, भाताची शितं बोटांनी मोडत. लाडवाचं मिश्रण हाताने चोळायचं असतं, त्याशिवाय तूप सगळीकडे लागत नाही आणि लाडू वळला जात नाही, बेसनाचा तर नाहीच. ही सगळी कामं या मशीनकडून करून घेऊ नका, मशीन खराब नाही होणार, पदार्थ होईल. भजीचं किंवा केकचं पातळ मिश्रण मात्र मोठ्या भांड्यात एक नंबरवर चांगलं एकजीव होतं, केक फक्त जास्त वेळ फिरवू नका, मैदा चिवट होतो.

आता मशीनबद्दल. पहिल्या दिवशी चालू केल्यावर जळका वास आला तर घाबरू नका, मोटरच्या नव्या वार्निशचा असतो, दोनचार वापरात जातो. पुढेही येत राहिला तर मात्र दाखवा. खाली तळाशी एक छोटं बटण असतं, ओव्हरलोडचं. भांडं जास्त भरलं किंवा कोरडं वाटण अडकलं की ते बाहेर उडतं आणि मिक्सर बंद पडतो. मिक्सर बिघडला असं समजून माझ्या शेजारच्या काकू तो दुरुस्तीला घेऊन निघाल्या होत्या. स्विच बंद करा, थोडं थांबा, भांडं हलकं करा, बटण आत दाबा, चालू होतो.

मोटरवर जे फिरतं आणि भांड्याच्या खाली जे बसतं ते कपलर, ते प्लास्टिकचं किंवा रबराचं असतं आणि झिजण्यासाठीच असतं, म्हणजे पात्यावर जोर आला की ते झिजावं आणि मोटर वाचावी. भांडं बसवताना करकर आवाज यायला लागला की बदला, स्वस्त असतं, गल्लीतला मिक्सर रिपेअरवाला पाच मिनिटांत बदलून देतो. भांड्याच्या बुडातून काळपट तेलकट पाणी झिरपायला लागलं की बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती बुडातली कडी, गेला समजा, ते भांडं त्याच दिवशी बाजूला काढा, ते पाणी चटणीत जातं. माझ्या छोट्या भांड्याचा बुश वॉरंटीत असतानाच गेला. पेटीवर प्रॉडक्टला दोन वर्षं, मोटरला पाच वर्षं असं मोठ्या अक्षरात आहे, पण सर्व्हिस सेंटरला गेल्यावर कळलं की बुश, कपलर, पातं, झाकणाची रिंग यातलं काहीच त्यात येत नाही, आणि वर मला सांगितलं की मॅडम नवीन भांडंच घ्या. दोनदा फेरी मारूनही सुटा बुश दिला नाही. शेवटी बाहेरच्या रिपेअरवाल्याने बसवून दिला आणि आता उत्तम चाललंय. अशा वागण्याने माणूस पुढचा मिक्सर त्या कंपनीचा घेत नाही, एवढं त्यांना कळायला हवं.

आवाज मोठा आहे. सगळ्याच मिक्सरचा असतो, पण घरात लहान बाळ किंवा नाइट शिफ्टचं माणूस असेल तर सकाळचं वाटण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवा. खाली चार रबरी पाय आहेत ते ओट्याला घट्ट धरतात, ओटा मात्र कोरडा पाहिजे. धुवायला सोपं, वापरल्या वापरल्या भांड्यात पाणी आणि साबणाचा थेंब टाकून पल्स करा, पात्याखालचं निघतं. हळदीने झाकणाची रिंग पिवळी होते, ती उन्हात ठेवली की बरीच फिकी होते.

किती वॉटचा घ्यावा हे मला बहिणीच्या मैत्रिणींनी पण विचारलं. दोघांचं घर आणि रोजची चटणी-वाटण एवढंच असेल तर ५०० वॉट पुरतो. चार-पाच माणसं आणि ओलं खोबरं रोज लागत असेल, म्हणजे कोकणातली किंवा गोव्याकडची घरं, तर ७५०च्या खाली जाऊ नका. हजार वॉट घरगुती कामाला मला जास्त वाटतो, ज्या घरातून डबे किंवा फराळाच्या ऑर्डर जातात त्यांनी घ्यावा. पेटीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४२५० हा नंबर बघा, घरगुती मिक्सरचं मानक तेच आहे. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, तांब्याचं आहे का हे पण विचारा.

अमेरिकेत मुलाकडे-मुलीकडे जाताना इथला मिक्सर बॅगेत घालून नेणारे खूप आहेत, त्यांच्यासाठी: तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. आपला मिक्सर तिथे थेट लावला तर रडत रडत फिरेल आणि वाटण होणार नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो मिक्सरच्या जवळपास दुप्पट क्षमतेचा जड डबा असतो. त्यापेक्षा भारतीय कंपन्यांचे ११० व्होल्टचे मिक्सर तिथे मिळतात ते घ्या आणि बॅगेतल्या त्या जागेत मसाला न्या.

एकूण पाचपैकी चार, एक स्टार सर्व्हिसचा आणि त्या पुस्तकाचा कापलाय. मशीन घ्यायला हरकत नाही. घेताना दुकानातच छोटं भांडं बसवून बघा, खुंटीत नीट लॉक होतं का, हललं की कटकट वाजतं का, आणि जास्तीची एक रिंग आणि एक कपलर त्याच बिलात मागून घ्या, नंतर त्याच मॉडेलचं मिळेपर्यंत हाल होतात.